छोट्या व्यवसायासाठी हिशेबतज्ज्ञ निवडताना

व्यवसाय लहान असला की रोजची वही घरचेच कोणीतरी सांभाळते आणि विवरणपत्रे भरण्यापुरता एखादा ‘ओळखीचा माणूस’ गाठला जातो. हा माणूस सनदी लेखापाल आहे, करसल्लागार आहे की केवळ संगणकावर नोंदी करणारा हिशेबनीस, हे अनेक व्यावसायिकांना नोटीस हाती पडेपर्यंत ठाऊक नसते.

या तिघांची कामे वेगळी आहेत. बिलांच्या नोंदी, बँकखात्याशी ताळमेळ, उधारीचा तपशील ही हिशेबनिसाची कामे. त्यांसाठी कोणतीही सनद लागत नाही. जीएसटीची विवरणपत्रे नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनरही भरू शकतो. कंपनीचे वैधानिक लेखापरीक्षण आणि आयकर कायद्याखालील लेखापरीक्षण मात्र व्यवसाय करण्याचे प्रमाणपत्र असलेल्या सनदी लेखापालानेच करायचे असते. त्याने प्रमाणित केलेल्या कागदावर १८ अंकी यूडीआयएन क्रमांक असतो व तो सनदी लेखापाल संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतो. कर्जासाठी बँकेत द्यायच्या ताळेबंदावर हा क्रमांक नसेल, तर सही नेमकी कोणाची, हे तिथल्या तिथे विचारावे.

सर्वांनाच लेखापरीक्षण लागते असे नाही. खासगी कंपनीला ते उलाढाल शून्य असली तरी चुकत नाही. एकल मालकीच्या दुकानाला साधारणतः १ कोटी रुपयांच्या उलाढालीपर्यंत ते लागत नाही. रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असतील तर ही मर्यादा १० कोटींपर्यंत जाते. शिवाय २ कोटींपर्यंतच्या पात्र व्यवसायाला उलाढालीच्या ८ टक्के, बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के, नफा गृहीत धरून कर भरण्याची सोय आहे. चांगला सल्लागार शुल्क सांगण्याआधी हे प्रश्न विचारतो.

गोव्यात आणखी एक कसोटी लावता येते, आणि ती सर्वांत उपयुक्त आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार येथे विवाहानंतर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक ठरते. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५अ या नावाने आलेल्या तरतुदीनुसार अशा दांपत्याचे वेतनाखेरीज इतर उत्पन्न दोघांत समान विभागले जाते. पतीच्या नावावरील दुकानाचा नफा १२ लाख असेल, तर प्रत्येकाच्या विवरणपत्रात ६ लाख येतात. पत्नीच्या नावे येणारे घरभाडेही तसेच वाटले जाते. हे न जाणणारा, बहुधा राज्याबाहेरून ऑनलाइन सेवा देणारा सल्लागार सारी रक्कम एकाच्याच माथी मारतो आणि कुटुंब वर्षानुवर्षे जादा कर भरत राहते. उलट, विवाहपूर्व कराराने संपत्ती विभक्त ठेवलेल्या दांपत्याचे उत्पन्न सरसकट विभागणे हीही चूकच. तेव्हा पहिल्या भेटीत ‘पत्नीचा पॅन आणि विवाहाची नोंदणी आणा’ असे जो सांगतो, त्याला गोव्यातील काम ठाऊक आहे असे समजायला हरकत नाही.

दुसरी कसोटी जीएसटीची. वस्तू विकणाऱ्याला राज्यांतर्गत ४० लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, म्हणून म्हापशातील काजूविक्रेता निश्चिंत असतो. परंतु तोच काजू पुण्याच्या ग्राहकाला कुरियरने पाठवला, की व्यवहार आंतरराज्य होतो आणि ही सूट उरत नाही. कंपोझिशन योजनेतही अशी विक्री बसत नाही. त्याचप्रमाणे ॲपवरून जेवण पुरवणाऱ्या खानावळीच्या त्या विक्रीवरील कर १ जानेवारी २०२२ पासून ॲपचालक भरतो. ही विक्री वेगळी न दाखवल्यास हिशेब जुळत नाही.

वेळेचेही मोल मोठे. मासिक विवरणपत्र भरणाऱ्याने जीएसटीआर-१ पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरले नाही, तर त्या विक्रीचे श्रेय खरेदीदाराच्या १४ तारखेच्या पत्रकात उमटत नाही. मडगावचा घाऊक ग्राहक एकदा ऐकून घेईल. पुढच्या खेपेला तो दुसरा विक्रेता शोधेल.

सर्वाधिक मनस्ताप होतो तो पासवर्डपायी. जीएसटी आणि आयकराच्या संकेतस्थळांवर सल्लागाराचाच मोबाइल क्रमांक आणि ईमेल नोंदवण्याची पद्धत सर्रास आढळते. संबंध बिघडले की ओटीपी त्याच्याकडे जातो, नोटीसही त्याच्याकडेच जाते, आणि उत्तराची मुदत मालकाच्या नकळत टळते. ईमेल व क्रमांक मालकाचाच असावा, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन मालकाच्या कपाटात असावे. सल्लागाराला काम करण्यापुरता प्रवेश पुरतो.

शुल्काबाबत लेखी पत्र घ्यावे. नोटिशीला उत्तर देणे त्यात येते की त्याचे पैसे वेगळे, हे आधीच ठरवावे. वाचवलेल्या कराच्या टक्केवारीवर शुल्क मागणाऱ्यापासून दूर राहावे. सनदी लेखापालांच्या आचारसंहितेला तशी आकारणी साधारणतः मान्य नाही. अतिशय स्वस्त दरही तपासून पाहावा. एकच माणूस शेकडो विवरणपत्रे महिन्याच्या २० तारखेला भरत असेल, तर आपली पाळी कधी येते, हे त्यालाच विचारावे.

सल्लागार बदलायचा असल्यास १ एप्रिल ही सोयीची तारीख. निघताना हिशेबाच्या प्रणालीचा बॅकअप, भरलेल्या विवरणपत्रांच्या पोचपावत्या, चालू नोटिशींच्या प्रती आणि मूळ बिले मागून घ्यावीत. जीएसटीखालील कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि ती जबाबदारी सल्लागाराची नसून व्यावसायिकाची असते.