चर्चशाळेतले सोल्फेज आणि मुंबईचे स्टुडिओ

पूर्वी कधी न पाहिलेला स्वरलेखनाचा कागद समोर येताच, तालीम न करता, तो योग्य सुरात आणि लयीत गाणे किंवा वाजवणे याला पाश्चात्त्य संगीतात साइट-रीडिंग म्हणतात. मुंबईच्या वादकांच्या बोलण्यात त्याला सरळ ‘नोटेशन वाचणे’ असा शब्द आहे. ऐकून आणि घोकून शिकलेल्या संगीतापेक्षा हे कौशल्य निराळे आहे. वाचणाऱ्याला स्वराची उंची, त्याची लांबी, तालातली जागा आणि आवाजाचा जोर हे सारे एकाच नजरेत टिपावे लागते. शिवाय नजर हाताच्या पुढे धावत असते. बोटे एक मात्रा वाजवत असतात तेव्हा डोळ्यांनी पुढची मात्रा वाचलेली असते. अक्षरे लावत वाचणारे मूल जसे हळूहळू अख्खा शब्द एकदम ओळखू लागते, तसा सरावलेला वादक सुटे स्वर न पाहता स्वरांचे ओळखीचे गट पाहतो. ही ओळख उपजत नसते, ती रोजच्या वाचनाने डोळ्यांत बसते. पश्चिम भारतात अशी सवय पिढ्यान्‌पिढ्या लागली ती गोव्याच्या चर्चशाळांमध्ये, आणि तिचे मोठे फळ मुंबईच्या चित्रपटसंगीताला मिळाले.

या विद्येचे मूळ 11 व्या शतकातल्या इटलीत आहे. तोवर चर्चमधली स्तोत्रे गुरूच्या तोंडून ऐकून पाठ करावी लागत. ग्विदो द आरेत्सो या भिक्षूने रेषा आणि रेषांमधल्या जागा यांना स्वरांची ठरावीक उंची दिली. त्याने ‘उत्, रे, मी, फा, सोल, ला’ ही सहा नावेही रूढ केली. ती एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींच्या आद्याक्षरांवरून घेतली होती, कारण त्या स्तोत्राची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक स्वर वर सुरू होई. पूर्वी दहा वर्षे शिकूनही गायकाचे ज्ञान अपुरे राही, आता तो एका वर्षात, फार तर दोन वर्षांत तयार होतो, असा दावा त्याने आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात केला. मुलांना कधी न ऐकलेले स्तोत्र गाता यावे, हाच या साऱ्या खटाटोपाचा हेतू होता. पुढे चार रेषांच्या पाच झाल्या, ‘सी’ हा सातवा स्वर जोडला गेला आणि ‘उत्’च्या जागी उच्चाराला सोपा ‘दो’ आला. स्वरांची नावे घेत, हाताने मात्रा मोजत गाण्याच्या या अभ्यासाला ‘सोल्फेज’ म्हणतात.

1510 मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा जिंकला. 1542 मध्ये जेझुइट धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर गोव्यात आला आणि सेंट पॉल कॉलेज जेझुइटांच्या हाती गेल्यावर तिथे संगीताचे शिक्षण चांगलेच रुजले. 1545 च्या सुमारास चर्चला जोडून गावोगावी शाळा काढण्याचे धोरण ठरले. धर्मशिक्षण, वाचन, लेखन आणि गायन हे त्यांचे विषय होते. हेतू उघड होता. प्रार्थना लॅटिनमध्ये होती, ती अनेक आवाजांत गायची होती आणि प्रत्येक गावात गाणाऱ्यांची फळी हवी होती. युरोपातून तेवढे गायक आणणे अशक्य होते, म्हणून गावातलीच मुले तयार करावी लागली. 17 व्या शतकात आलेल्या युरोपीय प्रवाशांनी इथल्या स्थानिक गायकांची वाखाणणी केली आहे.

या इतिहासाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. चर्चशाळा धर्मांतराच्या धोरणाचा भाग होत्या. एका संगीताला आश्रय देणाऱ्या सत्तेने दुसरे संगीत दडपले. 1736 च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने नवख्रिस्ती घरांतल्या अनेक जुन्या चालीरीतींवर बंदी घातली. लग्नातली देशी वाद्ये आणि ओव्या यांचाही तीत समावेश होता. तरीही घुमट या मातीच्या चर्मवाद्याचा नाद आणि कोकणी गाणे टिकले. 19 व्या शतकात बहरलेल्या ‘मांडो’ या कोकणी गीतप्रकारात घुमट आणि व्हायोलिन शेजारी बसले आणि चर्चमध्ये शिकलेली दोन आवाजांची जोडी कोकणी शब्दांवर चढली.

चर्चशाळेच्या केंद्रस्थानी होता ‘मेस्त्र-द-कापेला’, म्हणजे चर्चचा संगीतशिक्षक आणि गायकवृंदाचा प्रमुख. गावात त्याला नुसते ‘मेस्त’ म्हणत. चर्चच्या निधीतून आणि गावकऱ्यांच्या संस्थांकडून त्याला मानधन मिळे. मुलांना शिकवणे, रविवारी आणि सणांना गायकवृंद उभा करणे, ऑर्गन किंवा व्हायोलिन वाजवणे आणि गरज पडेल तेव्हा नवी रचना लिहिणे ही सारी कामे त्याचीच. पोर्तुगीज सरकारने 1834 मध्ये धार्मिक संघ विसर्जित केले आणि पुढच्या वर्षी गोव्यातही त्याची अंमलबजावणी झाली. पण गावचे चर्च आणि त्याची शाळा संघांवर अवलंबून नव्हती, त्यामुळे मेस्ताचे काम चालू राहिले.

शिकवण्याचा क्रम ठरलेला होता. मुलाच्या हाती लगेच वाद्य पडत नसे. आधी पाच रेषा, त्यांवरच्या ‘चाव्या’ (क्लेफ), स्वरांचे आकार आणि विरामांची चिन्हे यांची ओळख. मग स्वर न लावता, हात खाली-वर करत, स्वरांची नावे तालात म्हणायची. तालात चूक होईना, की तीच ओळ सुरात गायची. सोप्या उड्यांनंतर लांब उड्या, साध्या मात्रांनंतर तुटक मात्रा, एका आवाजानंतर दोन आवाज अशी चढण असे. सोल्फेज पक्के झाले, की ‘रेबेक’ हाती येई. गोव्यात व्हायोलिनला हेच नाव होते. तोपर्यंत कागदावरचे चिन्ह मुलाच्या कानात सूर होऊन वाजू लागलेले असे. बोटांना फक्त त्याची जागा शोधायची असे.

या पद्धतीतला एक भेद मराठी वाचकाला विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. हिंदुस्थानी संगीतात ‘सा’ गायकाच्या गळ्याप्रमाणे सरकतो. काळी एक असो वा पांढरी पाच, तो षड्जच राहतो. पोर्तुगीज परंपरेत ‘दो’ एका ठरावीक उंचीवर कायम राहिला. त्यामुळे कागदावरची जागा, तोंडातले नाव आणि व्हायोलिनच्या तारेवरचे बोट यांची सांगड एकदाच घालावी लागे आणि ती आयुष्यभर टिके. स्वरांचे परस्पर नाते ओळखण्यात हिंदुस्थानी कान अधिक तरबेज होतो, तर अनोळखी कागद तडक वाद्यावर उतरवण्याला ही स्थिर सांगड सोयीची ठरते.

शाळेत शिकलेले लगेच उपयोगात येई. रविवारची प्रार्थना, चाळिसाव्यातले (ईस्टरपूर्वीच्या उपासकाळातले) मोतेत म्हणजे अनेक आवाजांतली भक्तिगीते, क्रुसापुढे आणि घरोघरी होणाऱ्या लादिनी म्हणजे गायलेल्या प्रार्थना, गावचे फेस्त म्हणजे चर्चचा सण, लग्न, प्रेतयात्रेपुढचा बँड, असे वर्षभर काही ना काही चालूच असे. वादकाला आज नवा कागद मिळे आणि उद्या तो लोकांसमोर वाजवावा लागे. चार जण एकत्र वाजवत असताना चुकलेल्याला थांबता येत नाही; सुटलेली मात्रा सोडून पुढच्या मात्रेला गाठावे लागते. साइट-रीडिंगचा हाच सर्वांत कठीण धडा. एकट्याने खोलीत बसून तो नीट शिकता येत नाही. गोव्याच्या मुलांना तो न मागता मिळाला.

19 व्या शतकात गोव्याची शेती आणि तिथल्या नोकऱ्या लोकसंख्येला पुरेनाशा झाल्या आणि गोंयकार ब्रिटिश हिंदुस्थानात व आफ्रिकेत जाऊ लागले. स्वयंपाकी, खलाशी आणि शिंपी यांच्याबरोबर वादकही निघाले. पलटणींचे बँड, पोलीस बँड, संस्थानिकांचे दरबारी बँड यांना वाचता येणारी माणसे हवी होती. मुंबईत धोबीतलाव आणि कावेल भागात गावोगावच्या ‘कुडी’, म्हणजे गावकऱ्यांची सामायिक वसतिगृहे, उभ्या राहिल्या. नव्याने आलेल्या तरुणाला तिथे थोडक्या पैशांत पथारी मिळे आणि कामाची बातमीही. मूकपटांच्या थिएटरात पडद्याखाली बसून वाजवणे, ताजसारख्या हॉटेलांत नृत्यासाठी वाजवणे, क्लबातल्या पार्ट्या, हे सारे काम कागद वाचणाऱ्याचे होते. 1930 च्या दशकात लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड हे कृष्णवर्णीय अमेरिकन जॅझ कलावंत मुंबईत आले, तेव्हा त्यांच्या संगीतातून शिकायला गोव्याचे वाचते वादक तयारच होते. आल्दोनाचा आन्तोनियो झेवियर व्हाझ हा त्यांच्यापैकीच एक. ट्रम्पेटवादक ‘चिक चॉकलेट’ म्हणून तो नावाजला.

1931 मध्ये ‘आलम आरा’ आला आणि थिएटरातल्या वादकांचे काम संपत गेले. पण बोलपटाला गाणी लागत होती आणि 1940 च्या दशकात गाण्यांमागे मोठा वाद्यवृंद आला. चाल बांधणारे बहुतेक संगीतकार रागदारी किंवा लोकसंगीत जाणणारे होते. ते पेटीवर चाल म्हणून दाखवत. तिच्याभोवती व्हायोलिनांचे थर, ब्रासचे तुकडे, मधले संगीत आणि उलट चालणाऱ्या सुरावटी रचून कागदावर उतरवण्याचे काम ‘अरेंजर’ करी. मग प्रत्येक वाद्याचा वेगळा पार्ट नकलून वादकांसमोर ठेवला जाई. ध्वनिमुद्रण एकसलग होई. गायक आणि सारे वादक एकाच वेळी गात-वाजवत, आणि एकाचा स्वर चुकला तर टेक पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागे. स्टुडिओचे भाडे तासांवर, वादकांची संख्या पन्नासांच्या घरात. अशा वेळी सकाळी कागद हाती घेऊन दुपारी बिनचूक वाजवणारा माणूस निर्मात्याचे पैसे वाचवी. मेस्ताच्या छडीखाली घोटलेल्या सोल्फेजला इथे बाजारात मोल आले.

या काळातले अनेक महत्त्वाचे अरेंजर गोव्याचे होते. सेबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरमध्ये बँड चालवत. मुंबईला आल्यावर शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांना त्यांनी वाद्यवृंदाचा घाट दिला. सी. रामचंद्र यांच्याबरोबर चिक चॉकलेट होता. 1951 च्या ‘अलबेला’च्या संगीतात त्याच्या जॅझची चमक आहे. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड यांनी अनेक संगीतकारांबरोबर काम केले आणि 1963 मध्ये ‘आमचें नशीब’ हा कोकणी चित्रपट काढला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडीलच चर्चचे संगीतशिक्षक होते. व्हायोलिनवादक आणि अरेंजर म्हणून नाव कमावलेल्या अँथनी यांनी 1958 मध्ये इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि राग व वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे त्यांचे शिष्य. ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात त्यांचे नाव आले, ती प्यारेलाल यांनी वाहिलेली गुरुदक्षिणा होती. प्यारेलाल यांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा हे ट्रम्पेटवादक. त्यांनी गोव्याबाहेरच्या कितीतरी मुलांना स्टाफ नोटेशन शिकवले. चर्चशाळेची विद्या अशा रीतीने चर्चच्या आणि गोव्याच्या बाहेर पोहोचली.

त्याआधी, 20 व्या शतकाच्या सुरुवातीपासून, महाराष्ट्रातल्या संगीतज्ञांनीही स्वरलेखनाची चळवळ केली होती, पण तिचे उद्दिष्ट वेगळे होते. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि 1908 मध्ये मुंबईत शाखा सुरू केली. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांतल्या शेकडो बंदिशी जमवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापल्या. भातखंड्यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्र स्वराखाली आणि तार स्वरावर बिंदू अशी सुटसुटीत चिन्हे आहेत. या लिप्यांनी बंदिशी वाचवल्या आणि वर्गात शिकवणे शक्य केले. मात्र त्या पाहताक्षणी गाण्यासाठी नव्हत्या. मींड, आंदोलन, आलापाची वाढ कागदावर येत नाही. ती गुरूच्या गळ्यातूनच यावी लागते. तिथे लेखन आठवणीला आधार देते, तर वाद्यवृंदात लेखनच हुकूम असतो. मुंबईच्या स्टुडिओत दोन्ही प्रकारचे वाचक शेजारी बसत. व्हायोलिनवाल्याच्या स्टँडवर पाच रेषांचा कागद असे, सतार किंवा बासरीवाल्याच्या वहीत देवनागरी सरगम.

1960 नंतर या परंपरेचा पाया एकेका बाजूने सुटत गेला. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, सरकारी आणि खासगी शाळा वाढल्या आणि चर्चशाळा मागे पडल्या. 1962 ते 1965 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर प्रार्थना लोकभाषांत होऊ लागली. सगळ्या गावाला म्हणता येतील अशी सोपी गाणी आली आणि अनेक आवाजांच्या लॅटिन रचनांची गरज कमी झाली. मुंबईत मल्टिट्रॅक ध्वनिमुद्रण आले, मग 1980 आणि 1990 च्या दशकांत सिंथेसायझर आणि संगणक. वादक एकेकटे येऊन आपापला भाग वाजवू लागले आणि चुकलेला तुकडा तेवढाच पुन्हा घेता येऊ लागला. पन्नास जणांनी एकदम वाचण्याची वेळच येईनाशी झाली.

शिक्षणाची जबाबदारी आता वेगळ्या संस्थांकडे गेली आहे. आन्तोनियो द फिगेरेदो यांनी 1952 मध्ये पणजीत आकादेमिया द मुझिका स्थापन केली. पुढे कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाने ते काम चालवले. चर्चमधले गायकवृंद, चाळिसाव्यातले मोतेत आणि फेस्ताचे बँड अनेक गावांत आजही आहेत, आणि जिथे ते नियमित चालतात तिथे मुले वाचायला शिकतात. चार शतकांच्या या इतिहासात साधने फारशी नव्हती: पाच रेषांचा कागद, मेस्ताचा हात आणि एक रेबेक. बाकीचे काम रोजच्या वाचनाने, शेजारी गाणाऱ्या मुलांच्या सोबतीने आणि रविवारी खरोखर गायचे आहे या जाणिवेने केले.