हृदयाची रेषा आणि तिचे वाचक

१९०५ साली नेदरलँड्समधील लायडन शहरात विलेम आइन्टहोवेन यांनी एक प्रयोग केला. ज्या व्यक्तीच्या हृदयाची नोंद घ्यायची ती रुग्णालयात, आणि यंत्र दीड किलोमीटर दूर प्रयोगशाळेत. दोहोंना जोडत होती केवळ टेलिफोनची तार. असे का करावे लागले? कारण यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते आणि ते चालवण्यासाठी पाच माणसे लागत. यंत्र रुग्णापर्यंत नेणे अशक्य, म्हणून हृदयाचा संकेतच यंत्रापर्यंत आणला गेला. आज आपण ज्याला ‘टेलिमेडिसिन’ म्हणतो, त्याचा हा आरंभबिंदू म्हणता येईल.

मूळ प्रश्न भौतिकशास्त्राचा होता. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासोबत एक विद्युत्‌लहर उठते. त्वचेवर तिचे मोजमाप जेमतेम एक मिलिव्होल्टच्या आसपास भरते. १८८७ साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी ती पाऱ्याच्या सूक्ष्म स्तंभाच्या साहाय्याने टिपली. परंतु जडत्वामुळे पारा मागे रेंगाळे आणि आलेख विकृत होई. आइन्टहोवेन यांनी प्रथम गणिताने ही विकृती दूर केली व १८९५ मध्ये आलेखातील लहरींना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे दिली. पुढे त्यांनी प्रबळ चुंबकीय क्षेत्रात चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म धागा ताणून बसवला. प्रवाह वाहताच धागा हले आणि त्याची सावली सरकत्या छायाचित्र-पट्टीवर उमटे. या कार्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रेषा मिळाली, आता तिचे वाचक हवे होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकाला ईसीजी वाचायला शिकवण्याचे प्रयत्न सुरू झाले. आरंभी डॉक्टरांचे नियमच संगणकात भरले जात. नियमांऐवजी उदाहरणांतून शिकवायचे, तर विश्वासार्ह उदाहरणे हवीत. १९८० साली अमेरिकेतील एमआयटी आणि बॉस्टनचे बेथ इस्रायल रुग्णालय यांनी ४७ व्यक्तींच्या प्रत्येकी अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी संशोधकांना खुल्या केल्या. त्यांतील सुमारे एक लाखाहून अधिक ठोक्यांवर तज्ज्ञांनी एकेक करून खुणा केल्या होत्या. या कष्टाळू कामाचा गौरव क्वचितच होतो. पण पुढील कित्येक संशोधकांच्या पद्धती याच कसोटीवर पारखल्या गेल्या.

२०१९ साली स्टॅनफर्डच्या गटाने ५३,५४९ रुग्णांच्या नोंदींवर शिकवलेले न्यूरल नेटवर्क प्रसिद्ध केले. हृदयाच्या लयीतील बिघाड ओळखण्यात ते हृदयरोगतज्ज्ञांच्या सरासरी कामगिरीहून सरस ठरले. त्याच वर्षी मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी दाखवले की, हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची शक्ती घटली आहे का, याचा अंदाज साध्या ईसीजीवरूनही बांधता येतो. मानवी डोळ्याला त्या रेषेत हे सहसा दिसत नाही. ज्यांचे हृदय नकळत दुर्बल होत चालले आहे, अशांना वेळीच पुढील तपासणीसाठी पाठवण्याची शक्यता यामुळे निर्माण झाली.

भारतात या इतिहासाला दोन प्रश्न जोडले जातात.

पहिला प्रश्न वाचनानंतरच्या कृतीचा. तीव्र झटक्यात धमनी बंद राहते, तोवर हृदयाचा स्नायू कायमचा निकामी होत जातो. तामिळनाडूत लहान रुग्णालये अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या केंद्रांशी जोडण्याचा प्रयोग झाला. २,४२० रुग्णांवरील त्याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका वर्षातील मृत्यूचे प्रमाण जाळे उभे राहण्यापूर्वी १७.६ टक्के होते, नंतर ते १४.२ टक्के झाले. या अभ्यासाने पारखले ते जाळे. संगणकाची बुद्धी नव्हे. बंगळुरूच्या ट्रायकॉगसारख्या कंपनीत आज संगणक दूरच्या दवाखान्यातील ईसीजी प्रथम वाचतो आणि डॉक्टर त्याची शहानिशा करतात. तरीही निदान मिनिटांत झाले आणि गुठळी विरघळवणारे औषध किंवा रुग्णवाहिका मिळालीच नाही, तर वाचलेल्या वेळेचा रुग्णाला उपयोग काय?

दुसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे: यंत्र कोणाच्या हृदयांवरून शिकले? वर उल्लेखिलेले तिन्ही नोंदसंग्रह अमेरिकेतील आहेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय विश्लेषणानुसार दक्षिण आशियातील रुग्णांत पहिल्या झटक्याचे सरासरी वय ५३ होते. इतर देशांत ते सुमारे ५९. म्हणजे आपल्याकडचा रुग्ण अधिक तरुण असतो. वयस्कर रुग्णांच्या उदाहरणांवर घडलेले यंत्र पंचेचाळिशीतल्या भारतीयाला चुकून ‘कमी धोका’ या रकान्यात टाकणार नाही ना, हे गृहीत धरता येत नाही. ते इथल्याच रुग्णांवर तपासावे लागते.

म्हणून हृदयविकारासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय निवडू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगावेसे वाटते: नवे प्रतिरूप रचणे आकर्षक आहे, पण आपल्या देशाला तितकीच गरज आहे ती रुग्णांच्या संमतीने, त्यांची ओळख जपून आणि तज्ज्ञांनी काळजीपूर्वक खुणा करून सिद्ध केलेल्या भारतीय नोंदींची. आइन्टहोवेन यांनी आधीच्या यंत्राची विकृती ओळखली, म्हणूनच त्यांना खरी रेषा दिसली. आपल्या यंत्रांतील विकृती शोधणे हे आता आपले काम आहे.