मातीचा किल्ला आणि बांधकामाचा पहिला धडा

इमारत उभी का राहते, हा प्रश्न आपल्या शालेय शिक्षणात क्वचितच विचारला जातो. ‘वास्तुशास्त्र’ हा शब्द उच्चारताच आपल्याकडे दिशा आणि दोष यांची चर्चा सुरू होते. भार, पाया आणि कमान यांची नव्हे. वस्तुतः मुलांच्या हाती रचनेची साधने देण्याचा विचार जुना आहे. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ च्या सुमारास लहान मुलांसाठी लाकडी ठोकळ्यांचे संच सिद्ध केले. पुढे फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुरचनाकाराने आपल्या कलेचे श्रेय बालपणी हाताळलेल्या याच ठोकळ्यांना दिले. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंना स्थान दिले. ही दृष्टी ठेवून पाहिले, तर बांधकामाच्या शिक्षणाची साधने ठाणे-कल्याण-डोंबिवलीत विपुल आहेत.

पहिले साधन म्हणजे दिवाळीचा किल्ला. दगडविटांचा ढीग, त्यावर चिखलात भिजवलेले गोणपाट, वर पेरलेले अळीव, एवढ्या सामग्रीवर मुले दुर्ग उभारतात. उतार फार उभा केला की माती घसरते. पायथा रुंद केला की ती ठरते. स्थापत्याचा हा मूलभूत सिद्धान्त मुलांच्या हातांना कळलेला असतो. तो शब्दांत सांगणारे कोणी भेटत नाही, इतकेच.

दुसरा धडा अंबरनाथला, कल्याणपुढील तिसऱ्याच स्थानकावर आहे. तेथील शिलाहारकालीन शिवमंदिराच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असा काळ नोंदलेला आहे. मंडपाच्या छतात दगडाचा प्रत्येक थर खालच्या थराहून किंचित पुढे सरकवून वरची पोकळी मिटवलेली आहे. येथे खरी कमान नाही. वजन सरळ खाली खांबांवर उतरते. याउलट, १८५४ मध्ये लोहमार्ग ठाण्याहून कल्याणला पोचला, तो खाडी ओलांडताना दगडी कमानींवरून. कमानीतील प्रत्येक दगड शेजारच्याला रेटतो आणि त्या रेट्यावरच ती तगून राहते. आठ शतकांच्या अंतराने एकाच प्रश्नाला दिलेली ही दोन उत्तरे लोकलच्या एका फेरीत समजावता येतात.

याच भूमीवर तिसरा धडाही आहे, आणि तो कटू आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाटा परिसरात बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत मुलेही होती. जुलै २०१५ मध्ये ठाकुर्लीत एक जुनी इमारत कोसळली. पहिली अजून पुरी व्हायची होती, दुसरी जीर्ण झालेली. रहिवासी मात्र दोन्हींत होते.

अशा शहरांत मुलांना खांब आणि तुळई यांची ओळख करून देणे हा केवळ सुटीतला छंद मानता येणार नाही. भिंतीला गेलेली तिरकी भेग, खांबाचा फुगलेला गिलावा, उघडी पडलेली गंजकी सळई यांचा अर्थ ज्याला वाचता येतो, तो निदान प्रश्न तरी विचारतो. दुर्घटना केवळ अज्ञानाने होत नाहीत, त्यांत लोभ आणि नाइलाजही असतात, हे आम्ही जाणतो. परंतु प्रश्न विचारणारे रहिवासी घडवायचे असतील, तर त्याचा आरंभ दिवाळीच्या त्या चिखलातच करावा लागेल: ढासळलेला बुरूज नुसता पुन्हा लिंपू न देता, तो का ढासळला हे मुलांना विचारून.