रोटाव्हेटरचा क्रॉस वारंवार का तुटतो? पीटीओ शाफ्टचे कोन असे तपासा

हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात एक तक्रार हमखास ऐकू येते : "नवा क्रॉस टाकला, पंधरा दिवसांत गेला." दोष क्रॉसच्या मालावर ढकलला जातो. पण बऱ्याच वेळा माल बरा असतो, शाफ्टची जोडणी चुकलेली असते. नवा क्रॉस टाकण्याआधी पुढील गोष्टी तपासल्या तर पैसे वाचतात आणि ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभा राहत नाही.

क्रॉसचे काम काय?

ट्रॅक्टरचा पीटीओ वर असतो आणि रोटाव्हेटरचा गिअर बॉक्स खाली. वाकड्या वाटेने फेरे पोहोचवायचे काम क्रॉसचा सांधा करतो. या सांध्याला इटलीच्या कार्डानोचे आणि इंग्लंडच्या रॉबर्ट हूकचे नाव दिले जाते. सतराव्या शतकात हूकने त्याचा अभ्यास केला. आजही तोच सांधा शेतात फिरतो.

या सांध्यात एक खोड आहे. तो कोनात असला की पुढची बाजू एकसारखी फिरत असूनही मागची बाजू एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा हळू होते. पीटीओ मिनिटाला 540 फेरे फिरतोय आणि एकच सांधा 30 अंशांत आहे असे धरा. मागची बाजू प्रत्येक फेऱ्यात 468 ते 624 या वेगांमध्ये हिसके खाते. कोन 10 अंश असेल तर हा फरक 532 ते 548 इतकाच राहतो. म्हणजे कोन वाढला की हिसका वाढतो, आणि तो हिसका क्रॉस, बेअरिंग व गिअर बॉक्सवर बसतो.

दोन सांधे, दोन नियम

म्हणूनच शाफ्टला दोन सांधे असतात. पहिल्याचा हिसका दुसऱ्याने मोडून काढायचा. पण त्याला दोन अटी आहेत.

पहिली अट : दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत. त्यासाठी काम करताना पीटीओचा दांडा आणि गिअर बॉक्सचा दांडा एकमेकांना समांतर पाहिजेत. हे टॉप लिंकने जुळवता येते. समजा पीटीओचा दांडा सपाट आहे आणि शाफ्ट 12 अंश खाली उतरतो. गिअर बॉक्सचा दांडाही सपाट असेल तर दोन्हीकडे 12 अंश, हिशेब बरोबर. टॉप लिंक जास्त आवळून रोटाव्हेटरचं नाक 5 अंश खाली गेलं, तर पुढे 12 आणि मागे 17. मग मागचा क्रॉस आधी जातो.

दुसरी अट : शाफ्टच्या मधल्या नळ्यांवरचे दोन्ही योक एका रेषेत हवेत. साफसफाईसाठी नळ्या वेगळ्या केल्या आणि घाईत फिरवून बसवल्या की हीच चूक होते. चौकोनी शाफ्ट एक घर फिरला की योक काटकोनात येतात, आणि हिसके वजा व्हायचे सोडून त्यांची बेरीज होते. शाफ्ट सपाट जमिनीवर ठेवून पाहिला तर चूक लगेच दिसते. योग्य जागी खडूने खूण करून ठेवावी.

मोबाईलवर कोन कसा मोजायचा?

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून इंजिन बंद करावे, चावी काढून खिशात ठेवावी. रोटाव्हेटर कामाच्या खोलीइतका खाली घ्यावा. मोबाईलमधील लेव्हलचे ॲप उघडून सरळ पट्टी पीटीओच्या दांड्याला लावावी आणि मोबाईल पट्टीवर ठेवून अंश लिहावा. तसेच शाफ्ट आणि गिअर बॉक्सच्या दांड्याचे करावे. शेजारच्या दोन आकड्यांतला फरक हा त्या सांध्याचा कोन. काम करताना तो 15 अंशांच्या आत राहिला तर बरे.

बांधावर वळताना रोटाव्हेटर उचलला की कोन एकदम वाढतो. त्यामुळे वळताना पीटीओ बंद करावा, लिफ्टही गरजेपुरतीच उचलावी. बरेच क्रॉस नेमके वळणावरच मोडतात.

लांबीही बघा

दुसऱ्या ट्रॅक्टरचा शाफ्ट तसाच लावू नये. सर्वांत जवळच्या स्थितीत नळी तळाला टेकली तर गिअर बॉक्सवर धक्का बसतो. 2 ते 3 सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे. काम करताना नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश घुसलेल्या असाव्यात. कापायचे झाल्यास दोन्ही नळ्या आणि गार्ड सारख्याच मापाने कापून कडा घासून घ्याव्यात. ग्रीस साधारण 8 तासांच्या कामानंतर द्यावे.

स्टिअरिंगलाही तोच नियम

अमेरिकेत जुन्या मोटारीत मोठे इंजिन बसवून हॉट रॉड गाडी करण्याचा छंद आहे. त्यात स्टिअरिंगचा दांडा इंजिनला वळसा घालून न्यावा लागतो. तिथेही कोन कमी ठेवणे, दोन्ही सारखे ठेवणे आणि योक एका रेषेत आणणे हेच नियम. ते चुकले की स्टिअरिंग एका फेऱ्यात कधी जड, कधी हलके लागते. तीन सांधे असतील तर मधल्या दांड्याला बेअरिंगचा आधार द्यावाच लागतो, नाहीतर दांडा लटपटतो. आपल्याकडेही जुन्या जीपचे स्टिअरिंग बदलताना मिस्त्रीला हे विचारून घ्यावे.

जिवाचा प्रश्न

540 फेरे म्हणजे सेकंदाला 9 फेरे. उपरणे, पदर किंवा सैल बाही शाफ्टमध्ये अडकली तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. गार्ड फुटला असेल तर तो आधी बदलावा, गार्डची साखळी बांधलेली असावी आणि फिरत्या शाफ्टला कुणीही ओलांडू नये. क्रॉस बाजारात मिळतो, हात मिळत नाही.