हिमालय : रूपांतरित खडकांतील पुरावा

भारतीय व युरेशियन भूपट्टांच्या टकरीत हिमालयाचे खडक खोल गाडले गेले, तापले आणि पुन्हा वर आले. या प्रवासात बदललेल्या खनिजांवरून खडकाची खोली, तापमान व काळ ठरविता येतो.

तत्त्व : चिखलापासून बनलेल्या खडकांत तापमान वाढत जाते तशी क्लोराइट, बायोटाइट, गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट व सिलिमनाइट ही खनिजे क्रमाने दिसू लागतात. हा क्रम जॉर्ज बॅरो यांनी स्कॉटलंडमध्ये १८९३ साली मांडला. कायनाइट व सिलिमनाइट यांचे रासायनिक संघटन एकच असते. मात्र कायनाइट अधिक दाबाचे, तर सिलिमनाइट अधिक तापमानाचे द्योतक आहे.

गार्नेट : या अभ्यासात गार्नेटाइतके बोलके खनिज दुसरे नाही. वाढत्या तापमानात घडलेल्या स्फटिकाच्या गाभ्यात मँगॅनीज जास्त असते व कडेकडे ते घटत जाते. कडेतील लोह व मॅग्नेशियम यांचे प्रमाण शेजारच्या बायोटाइटाशी ताडून तापमान काढतात. अतितप्त खडकांत मात्र ही नोंद विसरणाने पुसली जाते. कालमापन मोनाझाइट व झिर्कॉन यांतील युरेनियम-शिसे गुणोत्तरावरून होते.

उलटे रूपांतरण : एरवी खोलीबरोबर रूपांतरणाची तीव्रता वाढते. दार्जिलिंग–सिक्कीम भागात मात्र उलट, खालच्या थरांत क्लोराइट आणि वरच्या थरांत सिलिमनाइट आढळते. हा पट्टा ‘मेन सेंट्रल थ्रस्ट’ या मोठ्या भ्रंशाशी निगडित आहे. तप्त खडक थंड खडकांवर सरकले, की आधी बनलेले पट्टे घड्या पडून उलटले, याविषयी मतभेद आहेत.

त्सो मोरिरी : लडाखमधील या सरोवराच्या परिसरात पट्टिताश्मांत एक्लोगाइट या उच्च दाबाखाली बनणाऱ्या खडकाची भिंगे आहेत. त्यांच्या गार्नेटात कोएसाइट असल्याचे डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००१ च्या सुमारास दाखविले. कोएसाइट हे सिलिकेचे अतिदाबाखालील रूप, त्याला सु. २७ किलोबार दाब, म्हणजे ९० किमी.हून अधिक खोली लागते. खडक वर येताना बहुतेक कोएसाइटाचे क्वॉर्ट्झ होते, आकारमान वाढते आणि भोवतीच्या गार्नेटात अरीय भेगा पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम या भेगाच नजरेत भरतात. हे गाडले जाणे सु. ५.५ ते ४.५ कोटी वर्षांपूर्वीचे मानतात. भारतीय भूखंडाची कडा प्रावरणाच्या खोलीपर्यंत ओढली गेली होती, याचा हा सर्वांत भक्कम पुरावा होय. पाकिस्तानातील काघान खोऱ्यातही कोएसाइट सापडले आहे.

नंगा पर्वत व नामचा बरवा : हिमालयाच्या दोन्ही टोकांवरील या पर्वतांतील रूपांतरण अगदी तरुण, काही दशलक्ष वर्षांचे.

नमुने : उलट्या पट्ट्यात थरातील स्थानावरच सारा अर्थ अवलंबून असतो, म्हणून जागा, उंची व थराची दिशा न नोंदता उचललेला नमुना इतिहास ठरविण्याच्या कामी येत नाही.