बोनाफाईड : ‘अजून शिकतोय’ हे सांगायचं कुणी?

जुलै महिन्यात टेंभुर्णीच्या एसटी स्टँडवर थोडा वेळ थांबलात, तर पुण्याच्या गाडीची वाट बघणारी चार-दोन पोरं हमखास दिसतील. पाठीवर सॅक आणि हातात पारदर्शक प्लास्टिकची फाईल. फाईलमध्ये गुणपत्रिका, फीची पावती, आधारची झेरॉक्स, माढ्याच्या तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि सगळ्यात वर कॉलेजच्या लेटरहेडवरचा एक कागद : ‘सदर विद्यार्थी या महाविद्यालयात चालू शैक्षणिक वर्षात शिकत आहे.’ खाली सही, गोल शिक्का. याला आपण बोनाफाईड म्हणतो.

माझ्याकडेही अशी फाईल होती. आमच्याकडे उसाचं बिल येतं ते गळीत हंगामात, आणि कॉलेजची फी भरायची असते जुलै-ऑगस्टमध्ये. मधली फट भरायला शैक्षणिक कर्ज काढलं. तिसऱ्या वर्षाला दोन विषय जास्त राहिले आणि मी वायडी झालो. बँकेत गेलो तेव्हा साहेबांनी बोनाफाईड मागितलं. कॉलेजात गेलो तर क्लार्क म्हणाले, “यंदा तुझं ॲडमिशनच नाही, बोनाफाईड कसलं देऊ?” घरी आल्यावर अण्णांनी एकच प्रश्न विचारला, “मग तू कॉलेजात हायस का न्हाईस?” उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी कॉलेज सोडलं नव्हतं, पण कॉलेजच्या रजिस्टरवरही नव्हतो. बँकेच्या लेखी मात्र यातलं काहीतरी एक असायलाच हवं होतं, कारण त्यावर व्याज ठरणार होतं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. मी शिकतोय की नाही, हे पैसे देणाऱ्याला सांगायचं कुणी? मी, की माझ्या कॉलेजनं? या प्रश्नाला आपल्याकडे दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

मस्टर आणि पैसा

१८५४ साली वुडचा खलिता आला आणि खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचं धोरण सुरू झालं. पुढे मुंबई इलाख्यात हे अनुदान निकालाशी जोडलं गेलं. किती मुलं हजर आणि किती पास, यावर शाळेचे पैसे ठरू लागले. वर्गातलं हजेरीपत्रक तेव्हापासून हिशेबाचा कागद झालं. म्हणजे कोण शिकतंय हे सरकारला सांगायचं काम सुरुवातीला संस्थेचंच होतं. मुलाच्या हातात त्यासाठी कुणी कागद देत नव्हतं.

एकेका मुलाला पैसे मिळू लागले, तेव्हा गोष्ट बदलली. १८९२ साली जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी एक निधी उभा केला. ही देणगी नव्हती, कर्जाऊ शिष्यवृत्ती होती. शिकून या, कमवा आणि परत करा, म्हणजे तोच पैसा पुढच्याला देता येईल. या निधीच्या पहिल्या लाभार्थींमध्ये फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर या दोन डॉक्टर स्त्रिया होत्या. आज बँकेत आपण जे करतो, त्याचं हे पूर्वरूप.

दुसरं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण या बाजूनं आपण त्याच्याकडे फारसं बघत नाही. ४ जून १९१३ रोजी भीमराव आंबेडकरांनी बडोदा संस्थानाशी करार केला. कोलंबिया विद्यापीठात शिकायला दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि परतल्यावर संस्थानची दहा वर्षं नोकरी. मुदत संपत आली तेव्हा त्यांचं शिक्षण संपलेलं नव्हतं. ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडनमधून मिळाली होती. १९२० मध्ये ते पुन्हा गेले, ते साठवलेल्या पैशांवर आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेल्या कर्जावर.

यात एक बारीक गोष्ट आहे. लंडनच्या लेखी त्यांचं शिक्षण चालू होतं, फक्त थांबलेलं होतं. बडोद्याच्या लेखी मुदत संपली होती. विद्यार्थी एकच, पण दोन दप्तरांत त्याच्या दोन नोंदी. वायडी झालेल्या मुलाला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही.

सरकार दाता झालं

स्वातंत्र्यानंतर दात्याच्या जागी सरकार आलं. यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागास घरातल्या मुलांना फीमाफी मिळू लागली. जुनी माणसं तिला अजून ‘ईबीसी’ म्हणतात. बाराशे रुपयांच्या आतलं वार्षिक उत्पन्न ही अट कित्येकांच्या आठवणीत आहे. या सवलतीनं घराघरांत दाखल्यांची पिशवी आणली : तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, गेल्या वर्षीचा निकाल.

१९६३ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय ऋण शिष्यवृत्ती योजना आणली. हुशार पण गरजू मुलांना बिनव्याजी कर्ज. शिकून कुणी शिक्षक झालं, तर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे कर्जाचा दहावा हिस्सा माफ. दहा वर्षं शिकवलं की कर्ज फिटलं. ‘बोनाफाईड’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘सद्भावनेनं’ असा आहे. या योजनेत ती भावना खरोखर होती.

बँक आली

एप्रिल २००१ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशनची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली. देशात शिकायला साडेसात लाख आणि परदेशात शिकायला पंधरा लाखांपर्यंत कर्ज. चार लाखांपर्यंत तारण नाही. शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष, किंवा नोकरी लागल्यावर सहा महिने, यातलं जे आधी होईल तोवर हप्ता नाही. पुढे या आकड्यांत आणि मुदतींत बदल झाले, पण सांगाडा तोच राहिला.

या योजनेनं ‘शिकतोय’ या शब्दाला रुपयांत किंमत आणली. २००९-१० पासून केंद्राची व्याज अनुदान योजना आली. घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर हप्ता सुरू होईपर्यंतचं व्याज सरकार भरणार. गणित करून बघा. दर वर्षी एक लाख असं चार वर्षांत चार लाख उचलले, आणि सोपं पडावं म्हणून सरळव्याजाचा दर १० टक्के धरला. पहिल्या वर्षाचं व्याज दहा हजार, मग वीस, तीस, चाळीस, आणि शिक्षणानंतरच्या एका वर्षाचं आणखी चाळीस. एकूण एक लाख चाळीस हजार.

हे अनुदान शिक्षण मध्येच सोडणाऱ्याला किंवा शिस्तभंगामुळे, अभ्यासातल्या कारणानं काढून टाकलेल्याला मिळत नाही. आजारपणामुळे शिक्षण सुटलं असेल तर अपवाद आहे, पण त्याचे कागद लागतात. म्हणजे रजिस्टरमधल्या एका शेऱ्यावर एक लाख चाळीस हजार इकडचे तिकडे होऊ शकतात. आमच्याकडे एवढ्यात उसाचा एखादा प्लॉट उभा राहतो.

आता खरी गंमत ऐका. २००१ च्या योजनेत स्पष्ट लिहिलं आहे की कर्जदार विद्यार्थ्याचा प्रगती अहवाल ठरावीक काळानं पाठवण्याबद्दल बँकांनी कॉलेज-विद्यापीठांशी संपर्क ठेवावा. बँकेनं कॉलेजला विचारायचं आणि कॉलेजनं बँकेला कळवायचं, असा मूळ विचार होता. प्रत्यक्षात तो अहवाल पोरगाच घेऊन जातो, एसटीनं. कॉलेज पुण्यात, शाखा गावात, आणि मधला निरोप्या स्वतः कर्जदार.

अमेरिकेत काय करतात?

अमेरिकेत सरकारी शैक्षणिक कर्ज घेतलेल्या मुलाला बँकेत बोनाफाईड घेऊन जावं लागत नाही. तिथं कॉलेजनं किमान दर ६० दिवसांनी केंद्रीय कर्ज नोंदणीला कळवायचं असतं : हा पूर्णवेळ आहे, अर्धवेळ आहे, रजेवर आहे, की सोडून गेला. अर्धवेळाच्याही खाली गेला की सहा महिन्यांची सवलत मोजायला सुरुवात होते आणि त्यानंतर हप्ते. यासाठी १९९३ मध्ये एक स्वतंत्र संस्थाच उभी राहिली. ती असंख्य कॉलेजांच्या नोंदी गोळा करून पुढे पाठवते. तिथंही नोंद चुकते आणि मग शिकत्या मुलाच्या घरी हप्त्याची नोटीस येते. पण कळवायची जबाबदारी कॉलेजची, हे ठरलेलं आहे.

आपल्या भागातून एमएसला गेलेल्या मुलाचं कसं होतं बघा. त्याचं अमेरिकन कॉलेज प्रत्येक सत्रात तो शिकतोय की नाही हे अमेरिकन सरकारला संगणकावरून कळवतं, कारण व्हिसाचा प्रश्न असतो. तीच माहिती गावाकडच्या बँकेला मात्र तो स्वतः कळवतो. पीडीएफ वडिलांच्या व्हॉट्सॲपवर येते, वडील प्रिंट काढतात आणि शाखेत नेऊन देतात.

आपल्याकडे का नाही?

कारण संस्थेच्या शब्दावरचा विश्वास आपण एकदा गमावून बसलोय. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रात तीन दिवस पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावली होती, मतदानाला लावतात तशी. पटावर असलेली पण वर्गात नसलेली लाखो नावं निघाली. पटसंख्येवर अनुदान मिळतं, म्हणून पट फुगवला होता.

त्यानंतर सरकारचा कल थेट विद्यार्थ्याकडे वळला. २०१७-१८ पासून शिष्यवृत्त्या महाडीबीटी पोर्टलवर आल्या. मुलानं अर्ज भरायचा, कॉलेजनं ऑनलाइन छाननी करून ‘हा आमचाच’ असं म्हणायचं, आणि पैसे खात्यात. म्हणजे कॉलेजनं नोंद कळवायची यंत्रणा महाराष्ट्रात आहे. ती बँकेशी जोडलेली नाही, एवढंच. कर्जासाठी १५ ऑगस्ट २०१५ ला विद्यालक्ष्मी पोर्टल आलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी योजनेला मंजुरी मिळाली. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना व्याजात तीन टक्के सवलत. अर्ज ऑनलाइन झाला, पण ‘अजून शिकतोय’चा कागद बऱ्याच ठिकाणी अजून हातानेच जातो.

ज्याच्या वडिलांना बँकेत जायला रोजगार बुडवावा लागत नाही, त्याला हा कागद म्हणजे एक हेलपाटा. ज्यांना रोजगार बुडवावा लागतो, त्यांना तो एका दिवसाच्या मजुरीएवढा महाग. आणि वायडी झालेला पोरगा तर लाजेनं शाखेची पायरीच चढत नाही. मग बँकेला वाटतं, यानं शिक्षण सोडलं.

माझंही तसंच होणार होतं. अण्णा म्हणाले, “तोंड लपवून व्याज थांबतंय व्हय?” आणि सोबत आले. बँकेतल्या एका जुन्या कर्मचाऱ्यानं नियम दाखवला : अभ्यासक्रम वेळेत पूर्ण झाला नाही, तर बँक जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत मुदत वाढवून देऊ शकते. त्यासाठी बोनाफाईड लागत नव्हतं. लागत होतं कॉलेजचं पत्र, की हा आमचा विद्यार्थी आहे, त्याचे अमुक विषय राहिले आहेत, आणि तो अमुक सत्रात परीक्षा देणार आहे. क्लार्कनी बोनाफाईड नाकारलं होतं, हे पत्र मात्र त्यांनी दहा मिनिटांत दिलं. मी योग्य कागद मागितलाच नव्हता.

म्हणून तुमच्यापैकी कुणी आत्ता वायडी असेल, आणि गावाकडच्या शाखेचा नंबर बघून फोन उचलत नसेल, तर उद्या कॉलेजात जा आणि हे पत्र मागा. बँकेत द्याल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. आणि घरी सांगा. माझी पोच अजून त्याच प्लास्टिकच्या फाईलमध्ये आहे, बोनाफाईडच्या खाली.