काट्टु राजा : खरा की तोतया?

कमल हासनचा 'पापनाशम' तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मूळ मल्याळम 'दृश्यम'चा तो तमिळ अवतार. साक्षीदार जे सांगतील तेच खरं, ही त्यातली गंमत. ते पापनाशम तिरुनेलवेलीकडचं. आज आपण जातोय तंजावरहून कुंभकोणमच्या वाटेवरच्या पापनाशमला, आणि तिथल्या मराठी राज्यात घडलेल्या एका राजकीय थराराकडे. त्यातही सगळा खेळ साक्षीदारांचाच.

व्यंकोजीराजांचे तीन मुलगे, शहाजी, सरफोजी आणि तुकोजी, एकामागून एक तंजावरच्या गादीवर बसले. १७३६ मध्ये तुकोजी वारले आणि घडी विस्कटली. त्यांचा मुलगा एकोजी वर्षभरात गेला. त्याची राणी सुजानबाई काही काळ कारभार पाहत होती. १७३८ मध्ये तिला दूर सारून एक शहाजी गादीवर आला. आपण सरफोजीराजांचे पुत्र, असा त्याचा दावा होता. लोक त्याला 'काट्टु राजा' म्हणत, म्हणजे रानातला राजा. वर्षभरात तोही गेला आणि १७३९ मध्ये तुकोजींचा दुसरा मुलगा प्रतापसिंह राजा झाला. या सगळ्या उलथापालथीत किल्लेदार सय्यदचा हात होता. ज्याला बसवायचं त्याला बसवायचं, नको झाला की उतरवायचं.

आता साक्षी ऐका. पहिली साक्ष दगडात कोरलेली आहे. बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात १८०३ चा प्रचंड मराठी शिलालेख आहे, तो 'भोसलेवंशचरित्र' म्हणून ओळखला जातो. त्याच्या मते काट्टु राजा तोतया होता, रूपी नावाच्या दासीचा मुलगा सुभान्या. पण हा लेख कोरवला दुसऱ्या सरफोजीने. तो तुळजाराजांचा दत्तकपुत्र, आणि तुळजा हे प्रतापसिंहाचे पुत्र. घरचा साक्षीदार, दुसरं काय सांगणार?

दुसरी साक्ष फ्रेंचांची. त्यांना हा वंशाचा घोळ सोडवायची गरजच पडली नाही. १७३८ मध्ये शहाजीने मदतीच्या बदल्यात त्यांना कारैकाल देऊ केलं. गादी मिळाल्यावर त्याने शब्द फिरवला, तेव्हा चंदासाहेबाने ते ठाणं जिंकून फ्रेंचांच्या हाती दिलं. कारैकाल मिळालं, विषय संपला.

तिसरी साक्ष मला सर्वांत मजेदार वाटते. १७४९ मध्ये हाच शहाजी इंग्रजांकडे गेला आणि कोल्लिडमच्या मुखावरचं देवीकोट्टै देण्याचं त्याने कबूल केलं. लगेच कंपनीला साक्षात्कार झाला की प्रतापसिंह लग्नाच्या राणीचा मुलगा नाही, खरा राजा शहाजीच! पहिली स्वारी एप्रिलच्या भीषण वादळात सापडली. शहाजीच्या बाजूने राज्यात कुणी उठलंही नाही. मग मेजर लॉरेन्सने दुसरी स्वारी करून देवीकोट्टै घेतलं. भिंतीला पडलेल्या खिंडाराकडे धावलेल्या तुकडीचा म्होरक्या होता तरुण रॉबर्ट क्लाइव्ह. त्याच्यासोबतचे बहुतेक गोरे शिपाई कापले गेले, तो वाचला. पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे.

किल्ला हाती येताच कंपनीने त्याच प्रतापसिंहाशी तह केला. देवीकोट्टै आणि वर्षाला ९,००० होन उत्पन्नाचा मुलूख कंपनीला. 'खऱ्या' राजाला वर्षाला ४,००० रुपये, आणि तो पुन्हा त्रास देणार नाही याची हमी खुद्द इंग्रजांची.

एवढ्या सगळ्यांचे डोळे या गादीवर का होते? ते पापनाशमला कळतं. तिथल्या पालैवननाथर मंदिराच्या आवारात विटांचं जुनं धान्यकोठार उभं आहे, मराठ्यांच्या आधीचं, नायकांच्या काळातलं. त्याच्यापुढे उभा राहिलो तेव्हा मान वर करून पाहावं लागलं. एका गावच्या देवळाला एवढं भात साठवायची सोय लागते, तर कावेरीच्या फाट्यांमधल्या सगळ्या मुलखाचा सारा किती असेल, याचा हिशेब कारैकालमध्ये बसलेल्यालाही येत होता आणि देवीकोट्टैत बसलेल्यालाही.

आणि काट्टु राजा? शिलालेख राजघराण्याचा, दप्तरं दोन्ही कंपन्यांची. तो स्वतःला कोण समजत होता हे यातल्या एकानेही त्याच्या तोंडून लिहून घेतलेलं नाही.